सेवेची साक्ष कोणी द्यावी?

दर वर्षी जानेवारी लागला की आमच्या टेबलावर छापील फॉर्मचा एक गठ्ठा येतो. वर शाळेचे बोधचिन्ह, त्यात क्रूस. खाली रकाने : विद्यार्थिनीचे नाव, इयत्ता, सेवेचे ठिकाण, सेवेचे स्वरूप, एकूण तास आणि शेवटी 'संस्थेच्या प्रतिनिधीचा शेरा, सही व शिक्का'. यातले सेवेचे ठिकाण म्हणजे आम्ही. म्हणजे पुण्यातल्या एका जुन्या मोहल्ल्यातली आमची उर्दू माध्यमाची शाळा आणि तिथे शिकणारी भंगारवाल्यांची, बेकरी कामगारांची, रिक्षाचालकांची मुले. सेवेचे स्वरूप या रकान्यात बहुधा 'गरजू मुलांना इंग्रजी शिकवणे' असे लिहिलेले असते. शेरा आणि सही आम्ही करायची. हेडमास्तरसाहेबांनी हे काम आमच्याकडे सोपवले, कारण आमचे इंग्रजी त्यातल्या त्यात बरे.

या एका सहीने आम्हांला बरेच सतावले आहे. प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण सेवेच्या बदल्यात श्रेणी मिळत असेल तर तिला सेवा म्हणावे का? आणि ज्यांची सेवा होते त्यांनी त्याबद्दल काय बोलावे? बोलावे की नुसते आभार मानून गप्प बसावे? सेवेवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते, पण ते जवळजवळ सगळे देणाऱ्याच्या बाजूने. आम्ही घेणाऱ्याच्या बाजूला उभे आहोत, म्हणून हे चार शब्द.

आधी त्या ख्रिस्ती शाळेबद्दल. बी.एड. करत असताना शाळाभेटीच्या निमित्ताने आम्ही तिथे आठवडाभर बसलो होतो. खरे सांगायचे तर मनात थोडी असूया होती. प्रयोगशाळेला कुलूप नव्हते. वह्या तपासलेल्या होत्या, आणि नुसत्या बरोबरच्या खुणा करून नव्हे, चूक कुठे झाली ते समासात लिहून. एखाद्या शिक्षिका रजेवर असल्या तर त्या वर्गावर कोण जाणार हे सकाळीच फळ्यावर लागे. ग्रंथालयाच्या नोंदवहीत सातवीच्या मुलींची नावे पानोपानी होती. निकाल चांगले लागतात याचे आश्चर्य वाटण्यासारखे तिथे काही नव्हते. कारणे डोळ्यांसमोर होती. आणि याच शाळेत आठवड्याच्या शेवटी वरच्या वर्गातल्या मुली कुणी वृद्धाश्रमात, कुणी रुग्णालयात, कुणी वस्तीत जात. तिथल्या मुख्याध्यापिका सिस्टर मूळच्या वसईच्या, त्यामुळे त्यांचे मराठी आमच्यापेक्षा सफाईदार. त्या म्हणाल्या होत्या, "सर, अभ्यास आणि सेवा हे आमच्याकडे दोन विषय नाहीत. शिकलेल्याचे काय करायचे, हे सेवेत कळते." हे वाक्य आम्ही वहीत टिपून घेतले होते.

वेळापत्रकात मात्र तो विषयच होता. ही शाळा ज्या बोर्डाची, ते बोर्ड १९५८ साली स्थापन झाले. त्याच्या दहावीच्या परीक्षेत 'समाजोपयोगी उत्पादक कार्य आणि समाजसेवा' हा विषय सक्तीचा आहे. त्याला लेखी पेपर नाही, श्रेणी शाळाच देते; पण त्यात उत्तीर्ण झाल्याशिवाय उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र मिळत नाही. 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' हे नाव १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीचे. त्याच्या मागे कोठारी आयोग आहे आणि त्याच्याही मागे १९३७ ची वर्धा योजना. त्या योजनेचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. तेव्हा हाताने काम आणि समाजाशी नाते हा विचार कुणी परकीयांनी आणून लादला असे आपल्याला म्हणता येणार नाही. त्यात आपल्याही एका मोठ्या शिक्षकाचा वाटा आहे. पुढे मुलांनी या विषयाच्या इंग्रजी आद्याक्षरांचा 'काही चांगले तास वाया' असा अर्थ लावला, तो भाग वेगळा.

आमच्याकडे काय झाले ते सांगतो. दर शनिवारी दोन तास नववी-दहावीच्या मुली येत. आमची मुले त्यांना 'बाजी' म्हणत. २०१७ च्या ऑक्टोबरमधला एक शनिवार आठवतो. सातवीच्या वर्गाबाहेर आम्ही उभे होतो. आत एक मुलगी मोठ्या उत्साहाने रंगीत चित्रे दाखवत होती आणि सातवीची तेरा वर्षांची मुले एका सुरात 'ए फॉर ॲपल' म्हणत होती. तास संपल्यावर एका मुलाला विचारले, "अरे, हे तर तुला येते ना?" तो म्हणाला, "सर, तिसरी से येइच चल रहा." मग न सांगता म्हणत का बसता? तो हसला. "बाजी खुश होती है ना, सर!"

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. दर वर्षी नवी तुकडी येई आणि दर वर्षी सफरचंदापासून सुरुवात करी. आधीच्या मुलींनी काय शिकवले याची कुठे नोंद नव्हती, कारण नोंद फक्त तासांची होती. आणि आमची मुले, ज्यांना 'गरजू' म्हटले जात होते, ती दर शनिवारी दोन तास त्या मुलींचा उत्साह मोडू नये म्हणून न येण्याचे सोंग करत होती. सेवा होत होतीच. पण कोण कोणाची करत होते?

पुढच्या जानेवारीत फॉर्म आले. मुली सहा शनिवार आल्या होत्या, म्हणजे बारा तास. फॉर्मवर 'वीस' आधीच टंकलेले होते. आम्ही एकतीसच्या एकतीस फॉर्मवर सही केली आणि शेरा लिहिला, 'उत्तम'. का केली? कारण नाताळच्या आधी त्याच शाळेकडून आम्हांला दोन पंखे, पाण्याचा फिल्टर आणि गोष्टींच्या पुस्तकांची पेटी मिळाली होती. ज्याचे पाणी पितो त्याच्या फॉर्मवर 'बारा' कसे लिहायचे? आमच्या सहीची ती किंमत होती. कुणी ती मागितली नव्हती. आम्हीच देऊन टाकली.

मोहल्ल्यात काही बुजुर्गांचा या शनिवारच्या वर्गाला वेगळ्याच कारणाने विरोध होता. मुलांना ख्रिस्ती करतील, ही भीती. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १८३९ मध्ये मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा केवढा गदारोळ झाला आणि किती पालकांनी मुले काढून घेतली, हा इतिहास आहे. सेवेच्या आत दुसरा हेतू असतो का, हा प्रश्न विचारण्याचा हक्क समाजाला आहे. पण त्याच काळातली दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. पुण्यात जोतीराव फुल्यांचे शिक्षण बंद पडले होते. त्यांच्या वडिलांना समजावून मुलाला पुन्हा शाळेत घालायला लावणाऱ्यांत शेजारी राहणारे उर्दू-फारसीचे शिक्षक मुन्शी गफ्फार बेग होते, असे जोतीरावांचे चरित्रकार सांगतात. आणि १८४१ मध्ये जोतीराव ज्या शाळेत गेले ती स्कॉटिश मिशनची शाळा होती. एका मुसलमान शिक्षकाने माळ्याच्या मुलाला ख्रिस्ती शाळेत पाठवण्याचा आग्रह धरला! आमच्या बुजुर्गांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. शनिवारचा वर्ग चालू राहिला. आमच्या एकतीस सह्यांबद्दल मात्र त्यांच्यापैकी कुणाला काही ठाऊक नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बायबलातल्या डोंगरावरील प्रवचनात येशू सांगतात की दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. आपल्या हदीसमध्ये, कयामतच्या दिवशी ज्या सात प्रकारच्या लोकांना अल्लाहची सावली मिळेल त्यांत अगदी अशाच, एका हाताचे दान दुसऱ्या हातालाही न कळू देणाऱ्या माणसाचा समावेश आहे. दोन्ही धर्मांची याबाबतीत शिकवण इतकी जुळते की उदाहरणसुद्धा एकच आहे. मग शिक्का मारलेल्या फॉर्मवर तासांचा हिशोब ठेवणारी सेवा कोणत्या धर्मात बसते?

हा प्रश्न आम्ही सिस्टरांना विचारला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "श्रेणी नसती तर माझ्या मुली गाडीत बसून तुमच्या गल्लीवरून रोज गेल्या असत्या, गल्लीत एकदाही उतरल्या नसत्या. सवय आधी लागते, मन मागून येते." यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. आपण तरी काय करतो? मूल पहिला रोजा धरते तेव्हा त्याच्या गळ्यात हार घालतो, नातलगांना बोलावतो, भेटी देतो. रोजा ही खरे तर बंदा आणि अल्लाह यांच्यातली गोष्ट. तरी लहानपणी आपण तिला हार आणि भेटींची जोड देतो, कारण पुढे हार गळून पडेल आणि रोजा राहील अशी आशा असते. मग सेवेला श्रेणीची जोड दिली म्हणून नाक मुरडणे आपल्याला शोभत नाही. आणि उर्दू शाळांबद्दल बोलायचे तर आमच्या स्वतःच्या दहावीच्या वेळी समाजसेवेला श्रेणी होतीच. वर्गातून पाऊल बाहेर न टाकता आम्हां सगळ्यांना ती मिळाली होती.

तेव्हा श्रेणीने सेवा बिघडते हे म्हणणे आम्हांला पूर्ण पटले नाही. बिघाड दुसरीकडे होता. तो कुठे, हे आम्हांला एका जुन्या पत्राने दाखवले.

१० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाई फुल्यांनी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिले. त्या आजारी होत्या, माहेरी होत्या. मागे शाळेचा भार फातिमावर पडला असेल याची त्यांना काळजी वाटते. पण ती कुरकुर करणार नाही, अशी खात्रीही त्या देतात. फातिमा शेख यांच्याबद्दल त्या काळचा जो पुरावा हाती आहे त्यात हे पत्र सर्वांत मोलाचे. त्यांच्याकडे सेवेचे तास मोजणारा फॉर्म नव्हता. त्यांच्या उजव्या हाताने काय केले ते डाव्याला कळले नाही, आणि बाकीच्या जगालाही जवळजवळ कळले नाही. इतके की जानेवारी २०२५ मध्ये एका पत्रकाराने फातिमा शेख ही व्यक्ती आपणच रचली असा जाहीर दावा केला आणि अनेकांनी तो खराही मानला. तेव्हा अभ्यासकांना बोट दाखवावे लागले ते याच पत्राकडे. फातिमाने स्वतःबद्दल काही लिहून ठेवले असते तर ती मोठी झाली असती असे नाही. पण सावित्रीबाईंनी ते एक वाक्य लिहिले नसते तर ती उरलीच नसती.

यातून आम्हांला एक गोष्ट उमजली. डाव्या हाताला न कळू देण्याचा नियम देणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्यासाठी नाही. देणाऱ्याने विसरावे, घेणाऱ्याने, सोबत्याने, शेजाऱ्याने साक्ष द्यावी. उपकार बोलून दाखवला तर दान वाया जाते, असे कुरआन देणाऱ्याला बजावते. पण साक्षीदाराला ते दुसरेच सांगते : साक्ष लपवू नका, ती स्वतःच्या किंवा आपल्या माणसांच्या विरुद्ध जात असली तरी न्यायाने द्या. फॉर्मवरचा शेरा ही मेहेरबानी नव्हे आणि परतफेडही नव्हे. ती शहादत आहे. आणि आम्ही एकतीस वेळा खोटी शहादत दिली होती.

सेवा खरी की खोटी हे मग कोण ठरवणार? तास मोजणारी शाळा नव्हे, सेवा करणारी मुलगी नव्हे. ज्याच्या दारी सेवा गेली त्याला बोलता येते का, आणि त्याचे बोलणे ऐकले जाते का, यावर ते ठरते. ज्याला 'उत्तम' याशिवाय दुसरा शब्द लिहिता येत नाही, त्याची सेवा होत नसते; त्याचा उपयोग होत असतो.

हे आणखी थोडे पुढे नेले पाहिजे. १९७३ मध्ये स्पेनमधल्या वॅलेन्सिया शहरात जेझुइट संघाचे प्रमुख फादर पेद्रो अरुपे आपल्याच शाळांच्या माजी विद्यार्थ्यांसमोर बोलले. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तिथे जखमींची शुश्रूषा करणारे हे गृहस्थ. आम्ही तुम्हांला न्यायासाठी शिकवले का, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच केला आणि नाही, असे प्रांजळ उत्तर दिले. सभेतल्या अनेक प्रतिष्ठितांना ते रुचले नाही. दया करा म्हटले की कोणी रागावत नाही. न्याय म्हटले की रागावतात, कारण न्यायात घेणाऱ्याचा हक्क मानावा लागतो. कुरआनही श्रीमंताच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क आहे असे म्हणते. भीक हा शब्द तिथे नाही.

आता आमच्या मुलांचा हक्क पाहा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात खासगी शाळांनी पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. पण २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळा या कायद्यातून वगळल्या गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची शिफारस केली. याचा साधा अर्थ असा की त्या ख्रिस्ती शाळेच्या तपासलेल्या वह्या आणि उघडी प्रयोगशाळा आमच्या मुलाला हक्क म्हणून मिळत नाही. शनिवारी दोन तास बाजी मिळते. यावर बोट ठेवायला आम्ही उत्सुक होतो, पण बोट आमच्याकडेही वळते. राज्यघटनेच्या ज्या कलमाने त्यांच्या दाराचे रक्षण केले, त्याच कलमाने आमच्या संस्थांच्या दाराचेही केले. आमच्या समाजाच्या चांगल्या चालणाऱ्या इंग्रजी शाळांत भंगारवाल्याची किती मुले आहेत, हे आपणच आपल्याला विचारावे. सेवेचा फॉर्म आमच्या हातात आला तर तोही कोणीतरी तपासायला हवा.

जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा फॉर्म आले. पुन्हा 'वीस' छापलेले. आम्ही त्यावर काट मारून प्रत्येकीचे खरे तास लिहिले. बहुतेकींचे बारा, एकीचे चौदा, दोघींचे सहा. शेऱ्यात लिहिले, 'मुली मायाळू आहेत. मुलांना जे आधीच येते ते शिकवले गेले. मागच्या तुकडीने काय केले हे त्यांना माहीत नव्हते.' शिक्का मारला. हेडमास्तरसाहेब म्हणाले, "पंखे परत घेऊन जातील." आम्ही म्हटले, घेऊन जाऊ देत.

दुसऱ्या दिवशी सिस्टर स्वतः आल्या. सातवीच्या वर्गातल्या बाकावर बसल्या. फॉर्म पुढे ठेवून विचारले, "हे खरे आहे?"

"खरे आहे."

"मग मागच्या वर्षी वीसवर सही का केलीत? तुम्ही तेव्हाच सांगितले असतेत तर या मुलींचे एक वर्ष वाया गेले नसते."

आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यांच्या ऑफिसात तो आकडा आधी छापला जात होता, ही त्यांची चूक. आम्ही तो मान्य करत होतो, ही आमची. दोघांच्या मध्ये एकतीस मुली खोटी सही घेऊन प्रमाणपत्र मिळवायला शिकत होत्या. आमच्या संकोचाने पंखे वाचवले, पण त्या मुलींच्या शिक्षणाचे नुकसान केले, हे आमच्या तोपर्यंत ध्यानातही आले नव्हते. गरिबाच्या गप्प बसण्याला आपण सभ्यता म्हणतो. ती कधी कधी साधी कुचराई असते.

उरलेले तास मुलींनी भरून काढायचे ठरले. बोर्डाची परीक्षा तोंडावर, त्यामुळे काही पालकांनी तक्रार केली. अभ्यास महत्त्वाचा की हे? सिस्टर ठाम राहिल्या. सगळ्या मुली आल्या असे नाही. ज्या आल्या त्यांच्यातली एक भूगोलाचे पुस्तक सोबत घेऊन येई आणि मधल्या सुट्टीत आमच्या मुलांसमोर पाठ म्हणून दाखवी. आमच्या मुलांना त्यातले इंग्रजी किती कळले कोण जाणे, पण ती चुकली की पुस्तकात बोट ठेवून तिला थांबवायला ती शिकली.

त्या जूनपासून एक वही सुरू झाली. आज काय शिकवले, कुठे थांबले, कोणाला काय कळले नाही, हे सातवीचा मॉनिटर लिहितो. तो उर्दूत लिहितो, कारण त्याचा हात त्याच लिपीत चालतो. नव्या बाजींना उर्दू वाचता येत नाही. म्हणून पहिल्या शनिवारी त्यांना मुलांच्या शेजारी बसून विचारावे लागते, यात काय लिहिले आहे? २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा वही कपाटात राहिली. शाळा उघडल्यावर ती पुन्हा काढली. आतापर्यंत तीन वह्या झाल्या आहेत. सफरचंद पुन्हा आलेले नाही.

हे सगळे ठीक झाले असा आमचा दावा नाही. आमची मुले अजूनही त्या शाळेच्या फाटकाबाहेरूनच जातात. आमच्या शाळेच्या मुलांनी कोणाची सेवा करावी आणि तिची साक्ष कोणाकडून घ्यावी, यावर आमच्या शिक्षकसभेत दोनदा चर्चा झाली आणि दोन्ही वेळा चहा आल्यावर विषय बदलला.

या जानेवारीत फॉर्म आले ते तासांचा रकाना कोरा ठेवून. शेऱ्याचा रकाना आता आम्ही मुलांना विचारून भरतो. एका फॉर्मवर सातवीतल्या एका मुलीने सांगितलेला शेरा आम्ही जसाच्या तसा मराठीत उतरवला : 'बाजी दोनदा उशिरा आल्या. एकदा चुकीचे सांगितले, मग पुढच्या शनिवारी स्वतः म्हणाल्या की माझे चुकले. आम्हांला त्या परत हव्या आहेत.' त्याखाली आम्ही सही केली.